पूर्वजांची पाटी आणि रोमचा निवाडा

नोव्हेंबर हा आपल्याकडे मृतात्म्यांच्या स्मरणाचा महिना. या महिन्यात कबरस्तानात मेणबत्त्या उजळतात, मिस्सांच्या याद्या लांबत जातात आणि धर्मगुरूंच्या दारी नाना तऱ्हेच्या शंकाही येतात. अशाच एका नोव्हेंबरात आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आमच्याकडे आला. नोकरीनिमित्त आखातात राहणारा हा मुलगा वडिलांच्या वर्षाच्या मिस्सेसाठी रजा घेऊन घरी आला होता. त्याची तक्रार आईविषयी होती. वडिलांच्या हार घातलेल्या तसबिरीपुढे आई रोज दुपारी पान वाढून ठेवते. आल्यापासून तो ते पाहत होता आणि त्याला त्यात काही वावगे वाटले नव्हते. मात्र शेजारच्या हिंदू बाईंनी एकदा सहज, कौतुकानेच विचारले, "तुमच्यातही नैवेद्य दाखवतात वाटतं?" त्या एका शब्दाने तो अस्वस्थ झाला. "फादर, हे श्राद्धच झालं की! तुम्हीच आईला समजावा," असे सांगून तो गेला. दुसऱ्या दिवशी आई आल्या. "फादर, पोरगा माझ्याशी धड बोलत नाही. तुम्हीच त्याला समजवा." रविवारी घरी येतो, एवढेच आम्ही दोघांनाही सांगितले.

रविवारपर्यंतचे दिवस मात्र आमच्या मनात एक जुना इतिहास घोळत राहिला. सेमिनरीत ख्रिस्तसभेच्या इतिहासाच्या तासाला तो आम्ही अर्ध्या पानात शिकलो होतो आणि परीक्षेपुरत्या त्याच्या सनावळ्या पाठ केल्या होत्या. 'चिनी विधींचा वाद' असे त्याचे रूक्ष नाव आहे. एका पाटीपुढे वाढलेले पान हे प्रेम की पूजा, या प्रश्नावर थोर, विद्वान आणि सत्शील माणसे शंभर वर्षे भांडली. त्या भांडणाचा निवाडा झाल्यावर त्याचे ओझे आणखी दोनशे वर्षे चीनमधील साध्यासुध्या ख्रिस्ती कुटुंबांनी वाहिले.

या कथेचा आरंभ आपल्या गोव्यातून करता येतो. मत्तेओ रिची हा इटालियन जेज्विट १५७८च्या सप्टेंबरात गोव्यास उतरला. पुढे 'ख्रिस्तपुराण' रचून मराठीला ललामभूत झालेले फादर थॉमस स्टीफन्स त्याच्यामागोमाग वर्षभराने तेथे आले. रिचीने गोव्याच्या महाविद्यालयात अध्यापन केले आणि १५८० साली कोचीन येथे त्याला गुरुदीक्षा मिळाली. हिंदी विद्यार्थ्यांना उच्च तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकवू नये, ते गर्विष्ठ होतात, असा विचार त्या काळी वरिष्ठांमध्ये बळावला होता. १५८१ साली रिचीने रोमला आपल्या संघाच्या प्रमुखांना पत्र लिहून या धोरणाला विरोध दर्शविला. तेव्हा तो अवघा एकोणतीस वर्षांचा होता. चीनचा उल्लेख निघाला की रिचीच्या घड्याळांचे आणि नकाशांचे कौतुक होते, पण आम्हांला त्याचे हे गोव्याचे पत्र अधिक मोलाचे वाटते. पुढे चीनमध्ये जे घडले त्याचे मूळ या पत्रात आहे.

१५८२ साली तो मकाव येथे पोहोचला व पुढील वर्षी मिकेले रुज्जेरी या सहकाऱ्यासह चीनच्या मुख्य भूमीवर राहू लागला. आरंभी दोघांनी डोकी भादरून बौद्ध भिक्षूंची वस्त्रे घातली. धर्माची माणसे म्हणजे भिक्षू, हे समीकरण त्यांना सोपे वाटले. परंतु चीनमधील विद्वान वर्ग त्या काळी भिक्षूंना फारसा मान देत नसे, हे उमगायला बारा वर्षे गेली. १५९५ साली एका चिनी मित्राच्या सल्ल्यावरून रिचीने केस-दाढी वाढवून पंडितांचा रेशमी झगा अंगावर चढविला. त्याच साली त्याने मैत्री या विषयावर चिनी भाषेत छोटेखानी ग्रंथ लिहिला. तो त्या पंडितांना इतका आवडला की लोक त्याची नक्कल करून घेऊ लागले.

गैरसमज तरीही पाठ सोडीत नव्हते. मठीत येणारे लोक वेदीवर बाळ घेतलेल्या मरियामातेचे चित्र पाहत आणि या परदेशी लोकांचा देव एक स्त्री आहे, असे सांगत गावभर फिरत. अखेर तेथे प्रभू येशूचे चित्र लावावे लागले. १६०० साली पेकिंगच्या वाटेवर मा थांग या राजसेवकाने रिचीचे सामान तपासले. त्यात रक्ताने माखलेला, हुबेहूब कोरलेला क्रूस त्याला सापडला. खिळे ठोकलेला तो मनुष्याकार पाहून मा थांग ओरडला की ही सम्राटाला मारण्याची करणी आहे! वाचकहो, ज्या चिन्हापुढे आपण लहानपणापासून गुडघे टेकतो ते प्रथमच पाहणाऱ्याला कसे दिसत असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो. रिची त्या घटकेला गांगरला. ज्याने आमच्यासाठी स्वेच्छेने हे दुःख सोसले अशा एका थोर पुण्यात्म्याची ही प्रतिमा आहे, असे काहीसे तो बोलला. त्या एका घटकेत जमावापुढे याहून अधिक सांगता येण्यासारखे नव्हते. ती मंडळी काही महिने अडकून पडली आणि सम्राटाचे बोलावणे आल्यावर २४ जानेवारी १६०१ रोजी पेकिंगमध्ये शिरली. जेज्विटांनी चीनमध्ये क्रुसावरील ख्रिस्त लपविला, असा आरोप पुढे त्यांच्या विरोधकांनी केला, तेव्हा आरोप करणारे त्या तपासणीच्या जागी नव्हते.

आता मुख्य विषयाकडे वळू. चिनी कुटुंबात पूर्वजांच्या नावाची लाकडी पाटी असते. ठरावीक दिवशी तिच्यापुढे धूप जाळतात, पान वाढतात आणि कुटुंबातील सर्वजण जमिनीला डोके टेकून नमस्कार करतात. हेच पंडितवर्ग आपल्या आद्य गुरूसाठी, कन्फ्यूशियससाठी, करतो. हे सोडा, असे सांगणे म्हणजे आईबापांना विसरा असे सांगण्यासारखे होते. रिचीने याविषयी ग्रंथ वाचले आणि चिनी लोकांनाही विचारले. मृत पूर्वज येऊन जेवतात असे सुशिक्षित लोक मानीत नाहीत, प्रेम व कृतज्ञता दाखविण्याची दुसरी रीत त्यांना ठाऊक नाही म्हणून ते असे करतात आणि यातून मुलांना जिवंत आईबापांचा मान राखण्याचे वळण लागते, असे त्याचे मत झाले. ख्रिस्ती झाल्यावर लोकांनी हाच खर्च मृतांच्या नावे गोरगरिबांसाठी करावा हे अधिक बरे, असेही त्याने नोंदविले आहे. त्याने विधींना बंदी केली नाही. १६१० साली तो वारला तेव्हा सम्राटाने त्याच्या दफनासाठी जमीन दिली. परदेशी माणसाला मिळालेला हा अपूर्व मान होता.

रिचीनंतर सुमारे वीस वर्षांनी फिलिपाइन्सहून डोमिनिकन व फ्रान्सिस्कन मिशनरी फूक्येन प्रांतात आले. ही मंडळी दरबारात वावरली नाहीत, खेड्यापाड्यांतील गरिबांत राहिली. त्यांच्यापैकी आंतोनियो काबायेरो हा फ्रान्सिस्कन चिनी शिकत असता 'ची' हे अक्षर पुढे आले. याचा अर्थ काय, असे त्याने आपल्या चिनी शिक्षकाला विचारले. शिक्षक ख्रिस्ती होता. पूर्वजांपुढे पान वाढून जो विधी होतो त्याचे हे नाव. पण परदेशी गुरूला ते समजावे कसे? तो म्हणाला की हे तुमच्या मिस्सेसारखे आहे. त्या भल्या माणसाने हा विधी किती आदराचा व गंभीर आहे एवढेच सुचविले असावे. काबायेरोच्या मात्र अंगावर काटा आला, कारण मिस्सा म्हणजे बलिदान, आणि बलिदान एका परमेश्वरालाच अर्पण करायचे असते. त्याने व त्याच्या सोबत्यांनी गावातला पूर्वजांचा विधी प्रत्यक्ष जाऊन पाहिला. तेथे मद्य, मांस, धूप आणि साष्टांग नमस्कार, सर्व काही होते.

येथे आम्हांला त्या फ्रायर मंडळींच्या बाजूने दोन शब्द लिहिणे भाग आहे. आमच्या सेमिनरीतील पुस्तकात ते हटवादी आणि जेज्विट उदारमतवादी, अशी सरळ विभागणी होती. ती खरी नव्हे. खेड्यातील अनेक लोक पूर्वजांचा आत्मा त्या पाटीत येऊन बसतो असे खरोखरच मानीत. फ्रायरांनी जे पाहिले ते खोटे नव्हते. जेज्विटांचा उठबसाव पंडितांमध्ये होता आणि पंडितांनी जे सांगितले तेही खोटे नव्हते. तोच विधी एका घरात प्रेमाची खूण होता आणि दुसऱ्या घरात पितरांची भीती. प्रत्येक पक्षाने आपापल्या शेजाऱ्याला अवघा चीन मानले.

मग हा प्रश्न रोमला गेला. डोमिनिकन फादर हुआन बाउतिस्ता दे मोरालेस यांनी १६४३ साली सतरा प्रश्न लिहून सादर केले. वेदी, बलिदान, देऊळ हे शब्द त्यांत होते. असे विधी ख्रिस्ती माणसाने करावेत काय? अशा प्रश्नाला उत्तर एकच संभवत होते आणि १६४५ साली रोमने मनाई केली. हे ऐकून चीनमधील जेज्विटांनी फादर मार्तीनो मार्तीनी यांना धाडले. त्यांनी तोच विधी दुसऱ्या शब्दांत मांडला. पाटी म्हणजे नावाची फळी, नमस्कार म्हणजे नागरी शिष्टाचार. १६५६ साली रोमने परवानगी दिली. मग दोन्हींपैकी खरे कोणते, असे डोमिनिकनांनी विचारले. १६६९ साली उत्तर आले की दोन्ही आदेश आपापल्या परिस्थितीत लागू आहेत! या उत्तरावर आम्ही विद्यार्थी वर्गात हसलो होतो. आज वाटते की रोमने त्या शंभर वर्षांत दिलेले सर्वांत शहाणपणाचे उत्तर बहुधा तेच होते, कारण घराघरांतला फरक तेथल्या तेथे पाहण्याची मुभा त्यात होती.

दोन्ही बाजू आतून जाणणारा एक मनुष्य या काळात होता, आणि आपल्याकडे त्याचे नाव फारसे कुणी घेत नाही. लुओ वनत्साओ हा फूक्येनचाच. त्याला बाप्तिस्मा दिला तो याच काबायेरोने. पुढे तो डोमिनिकन झाला, १६५४ साली मनिला येथे त्याला गुरुदीक्षा मिळाली आणि १६८५ साली कँटन येथे तो बिशप झाला. तो पहिला चिनी बिशप होय. फ्रान्सिस्कनाकडून बाप्तिस्मा घेतलेल्या या डोमिनिकनाने हे विधी नागरी आदराचे आहेत असे लिहून दिले. लहानपणी त्याने स्वतःच त्या पाटीपुढे डोके टेकले असणार. त्याच्या लेखाला जे वजन मिळायला हवे होते ते मिळाले नाही. १६९१ साली तो वारला. त्यानंतर दुसरा चिनी बिशप व्हायला १९२६ साल उजाडावे लागले. तेव्हा पोप अकरावे पायस यांनी रोममध्ये सहा चिनी बिशपांचा दीक्षाविधी केला. मधल्या दोनशे पस्तीस वर्षांत चिनी मनाविषयी जे काही ठरले ते इतरांनी ठरविले.

१६९२ साली सम्राट खांग-शी याने ख्रिस्ती धर्माला मोकळीक देणारा हुकूम काढला. सर्व काही सुरळीत होईल असे वाटत असतानाच पुढील वर्षी फूक्येनचे धर्माधिकारी शार्ल मेग्रो यांनी आपल्या हद्दीत विधींवर बंदी घातली. सम्राटाच्या हस्ताक्षरावरून 'स्वर्गाचा आदर करा' या अर्थाच्या पाट्या चर्चमध्ये लावलेल्या होत्या, त्याही उतरवायला सांगितल्या. मेग्रो पॅरिसच्या परदेशी मिशन संस्थेचे. या संस्थेच्या पहिल्या बिशपांना रोमनेच १६५९ साली बजावून ठेवले होते की त्या लोकांच्या चालीरीती धर्माला व नीतीला उघड बाधक नसतील तर बदलायला लावू नका, आणि आपला देश तेथे रुजवायला जाऊ नका. इतिहास असे चिमटे काढीत असतो.

जेज्विटांनी १७०० साली थेट सम्राटालाच विचारले. हे विधी आदराचे आहेत, असे त्याने त्याच दिवशी लेखी कळविले. चीनमधील शेकडो ख्रिस्ती लोकांनीही पुढच्या काही वर्षांत सह्यांनिशी साक्षी दिल्या. पहिली साक्ष बिगरख्रिस्ती राजाची, म्हणून रोममध्ये तिचा उपयोग झाला नाही. दुसऱ्या दप्तरात राहिल्या. १७०४ साली पोप अकरावे क्लेमेंट यांनी विधींविरुद्ध निर्णय दिला आणि त्याआधीच त्यांचे प्रतिनिधी शार्ल द तूर्नाँ पूर्वेकडे निघालेले होते.

हे तूर्नाँ वाटेत हिंदुस्थानात, पाँडिचेरीस, आठ महिने राहिले आणि २३ जून १७०४ रोजी त्यांनी आपल्या दक्षिणेतील ख्रिस्ती लोकांच्या चालीरीतींवरही आदेश काढला. रॉबेर्तो दे नोबिली यांनी मदुराईत सुरू केलेल्या आणि १६२३ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी मान्य केलेल्या पद्धतींपैकी काहींना त्यात मनाई झाली. तमीळ न जाणणाऱ्या पाहुण्याचा तो आदेश म्हणून त्याच्यावर टीका होते. परंतु त्यातच एक कलम होते की अस्पृश्य मानलेल्या आजारी ख्रिस्ती माणसाच्या झोपडीत शिरून धर्मगुरूने त्याला संस्कार द्यावेत. उच्चवर्णीयांचा विटाळ टाळण्यासाठी तेथील मिशनरी हे करीत नसत. लोकांच्या चालीरीती जपता जपता आपण कुणाच्या चालीरीती जपत आहोत, हा प्रश्न त्या परक्या माणसाला पडला आणि तेथे वर्षानुवर्षे राहिलेल्यांना पडला नाही, हेही नोंदविले पाहिजे.

पेकिंगला मात्र तूर्नाँ यांच्या हातून काही साधले नाही. त्यांनी चिनी विद्येचे तज्ज्ञ म्हणून मेग्रो यांना पुढे केले. १७०६च्या ऑगस्टमध्ये सम्राटाने मेग्रोंना बोलावून सिंहासनामागे लिहिलेली चार अक्षरे वाचायला सांगितली. त्यांना एकच वाचता आले. वीसहून अधिक वर्षे चीनमध्ये राहिलेल्या माणसाची ही गत! अर्थात फूक्येनची बोली वेगळी, दरबाराची वेगळी, आणि घाबरलेल्या माणसाला येत असलेलेही आठवत नाही, हे आम्ही समजू शकतो. पण सम्राटाने हिशेब केला तो असा की, ज्याला आमचे अक्षर वाचता येत नाही तो आमच्या अंतःकरणातले काय वाचणार? रिचीच्या पद्धती मान्य असतील त्यांनीच परवाना घेऊन देशात राहावे, असा हुकूम निघाला. तूर्नाँ मकाव येथे पोर्तुगीजांच्या नजरकैदेत पडले. तेथेच त्यांना कार्डिनलपदाची टोपी मिळाली आणि १७१० साली तेथेच त्यांचा अंत झाला.

१७१५ साली पोपमहाशयांनी बंदी पुन्हा जाहीर केली. ती वाचून खांग-शीने लाल शाईने शेरा मारला की, या लोकांना चीनची मोठी तत्त्वे कळत नाहीत, यापुढे त्यांनी येथे धर्मप्रचार करू नये हेच बरे. त्याच्या मुलाने १७२४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. त्याला दरबारातील भाऊबंदकीचीही कारणे होती, तेव्हा सारा दोष या वादाच्या माथी मारता येणार नाही. शेवटी १७४२ साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी विषय कायमचा बंद केला. यापुढे कुणी वाद घालू नये आणि चीनला जाणाऱ्या प्रत्येक मिशनरीने विधींविरुद्ध शपथ घ्यावी.

कागदावर येथे प्रकरण मिटले. घरात ते सुरू झाले. घरातील एकच मुलगा ख्रिस्ती असेल तर वडिलांच्या अंत्यविधीला त्याने पाटीपुढे वाकावे की नाही? न वाकला तर भाऊबंदांत तो बापाला विसरलेला कुलांगार, आणि वाकला तर पापनिवेदनाला गेल्यावर क्षमा नाही. ख्रिस्ती होणे म्हणजे पितरांशी नाते तोडणे, हा समज चीनमध्ये दृढ झाला आणि पुढच्या दोन शतकांत तो पुसता आला नाही.

८ डिसेंबर १९३९ रोजी, पोप बारावे पायस यांच्या संमतीने, रोमने सांगितले की मृतांच्या प्रतिमेपुढे वा नावाच्या पाटीपुढे मान लवविणे हा नागरी आदर असून ते योग्य आहे. ती जुनी शपथही रद्द झाली. हिंदुस्थानातील मिशनरींची तशीच शपथ १९४० साली गेली. १९७१ साली तैपेई येथे कार्डिनल यू पिन यांनी चिनी नववर्षाला पूर्वजांच्या आदराचा विधी स्वतः केला. आणि १७ डिसेंबर २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी मत्तेओ रिची यांचे सद्गुण वीरोचित असल्याचे मान्य केले. आज तो 'आदरणीय' आहे.

रविवारी मिस्सा आटोपून आम्ही ठरल्याप्रमाणे त्या घरी गेलो. तसबिरीला ताजा हार होता. मुलगा दाराशी उभा होता. आम्ही त्याच्यासमोरच आईंना विचारले, "बाई, हे पान कशासाठी वाढता?"

हा प्रश्न त्यांना तोवर कुणीच विचारला नव्हता, मुलानेही नाही. त्या थोडा वेळ पदराशी चाळा करीत राहिल्या.

"त्यांना कुठली भूक लागतेय आता, फादर? चाळीस वर्षं दोघांचं पान वाढलं. एकटीचं वाढायला हात होत नाही. मग त्यांचं पान मी संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या म्हातारीला नेऊन देते."

मुलगा खाली मान घालून ऐकत होता. म्हातारीचे त्याला ठाऊक नव्हते. थोड्या वेळाने तो आत गेला आणि आणखी दोन पाट मांडू लागला. त्या दुपारी आम्ही तिघे तेथेच जेवलो. भात आणि बोंबलाचे कालवण होते. तसबिरीपुढचे पान झाकून ठेवले होते. संध्याकाळी ते म्हातारीकडे घेऊन जाण्यासाठी मुलाने आईकडून घराची खूण विचारून घेतली.